चुलीच्या डोक्यावर

बीड शहर एकोणिसाव्या अक्षांशाला अगदी खेटून वसलेलं आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर, दुपारचे साडेबारा वाजायच्या जरा आधी, सूर्य इथे नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच जिरते. खगोलप्रेमी मंडळी या दिवसाचं कौतुक करतात, गच्चीवर बाटल्या उभ्या करून फोटो काढतात. घर बांधणाऱ्याला मात्र यातून दुसरंच काही समजायला हवं. या दिवसांत भर दुपारी भिंतींवर ऊन फारसं पडतच नाही. उन्हाचा मुख्य मारा छतावर असतो. त्यातही ज्या खोलीत खाली आग आणि वर ऊन अशा दोन्ही बाजूंनी तापणं चालू असतं, ती खोली म्हणजे स्वयंपाकघर.

आणि आपल्याकडे स्वयंपाकघर घरातलं सगळ्यांत लहान. आठ बाय आठ, फार तर आठ बाय दहा. बैठकीला जागा लागते, देव्हाऱ्याला लागते, मोटारसायकल आत घ्यायला लागते. उरलेल्या कोपऱ्यात ओटा.

सध्या बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, कुठल्याही गावात नवं घर बांधायला काढलं की या खोलीच्या छताची चर्चा एका विशिष्ट वळणानं जाते. सीलिंगवाला कारागीर खिशातून फोन काढतो आणि फोटो सरकवायला लागतो. पांढरं शुभ्र छत, कडेनं निळा किंवा जांभळा उजेड, मध्ये गोल किंवा षटकोनी नक्षी. फोटोतल्या स्वयंपाकघरात कधीच कुणी मिरचीची फोडणी दिलेली नसते. त्याचा पहिला प्रश्न असतो, लाइट किती पॉइंट काढायचे? धूर कुठून जाणार, वाफ कुठून जाणार, हा प्रश्न त्याच्या यादीत नाही. त्यात त्याचा दोष नाही. तो खालची बाजू सजवायला आलेला आहे, आणि आपणही त्याला तेवढ्यासाठीच बोलावलेलं आहे.

या लेखात छताच्या दोन्ही बाजूंबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी आधी थोडं मागं जावं लागेल, कारण या जिल्ह्यात स्वयंपाकघराचं छत गेल्या दोन पिढ्यांत दोनदा बदललं. माळवद गेलं, पत्रा आला, स्लॅब आला. आता स्लॅबखाली आणखी एक छत येऊ घातलंय.

माळवद ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर पाला आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती. पाणी वाहून जायला एका बाजूला किंचित उतार आणि भिंतीबाहेर काढलेली पन्हाळ. ऐपतदाराच्या वाड्यात सागवान आणि कोरीव हस्त. गरिबाकडे लिंब, बाभूळ, जे शेताच्या बांधावर मिळेल ते. घर किती मोठं हे खणांत मोजायचं, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, धारूर, केजकडे भिंती काळ्या दगडाच्या. गोदाकाठी गेवराई-माजलगावच्या बाजूला दगड कमी म्हणून माती जास्त. छत मात्र दोन्हीकडे सारखंच, सपाट आणि जाड.

या जाड छताखाली मे महिन्यातही गारवा असायचा, ही आठवण मराठवाड्यातला प्रत्येक म्हातारा माणूस सांगतो आणि ती खरी आहे. फूट-दीड फूट मातीतून दुपारची उष्णता खाली पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री तीच माती आभाळाकडे उष्णता सोडून देते. पण गारव्याच्या आठवणीत एक गोष्ट नेहमी निसटते. माळवदाच्या स्वयंपाकघराला छतात भोक असायचं. त्याला सानं म्हणत, कुणी झरोका म्हणे. चुलीच्या जवळपास, कड्यांच्या मधे वीतभर मोकळी जागा सोडलेली, वर मातीचा किंवा दगडाचा लहानसा कठडा. धूर सरळ वर जायचा. उजेड त्याच वाटेनं खाली यायचा. त्या काळच्या घरांना बाहेरच्या भिंतीत खिडक्या जवळजवळ नसतच. चोराचं भय, उन्हाचं भय, शिवाय दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंतीत खिडकी काढणं महागाचं काम. त्यामुळे सान्यातून पडणारा कवडसा हाच स्वयंपाकघराचा दिवा आणि तेच घड्याळ. कवडसा परातीपाशी आला की शेतात भाकरी न्यायची वेळ झाली, हे बाईला कुणी सांगावं लागत नसे. पाऊस आला की कुणीतरी वर धावायचं आणि सान्यावर फरशीचा तुकडा सरकवायचा. मांजर त्याच वाटेनं आत यायचं, हा त्यातला तोटा.

छताची खालची बाजूही रिकामी नसायची. कड्यांना शिंकी टांगलेली. त्यांत दूध, दही, लोणी, उरलेली भाकरी. चुलीच्या वर आडवी दांडी, तिच्यावर पुढच्या वर्षीच्या बियाण्याची कणसं, लसणाच्या माळा, दुधीभोपळ्याचं वाळलेलं फळ. धुरानं बियाण्याला कीड लागत नसे आणि लाकडाला वाळवी लागत नसे. लहान स्वयंपाकघरात वरची जागा कशी वापरावी, हे आज मासिकांतून नव्यानं सांगितलं जातं. ते या घरांनी पुरतं सोडवलेलं होतं. अर्थात त्याच धुराची काजळी कड्यांवर बसावी तशी बाईच्या छातीतही बसत होती. सानं होतं म्हणून धूर सगळा बाहेर जात होता असं मुळीच नाही. पावसाळ्यात सानं झाकलं आणि चुलीत ओली पळाटी घातली की काय व्हायचं ते ज्यांनी डोळे चोळत भाकरी खाल्ली आहे त्यांना विचारावं. घरातल्या चुलीच्या आणि अशाच इंधनांच्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा माळवदाबद्दल गळा काढून बोलण्याची माझी इच्छा नाही.

शिवाय त्याचं वजन. माळवद दरवर्षी गळतं आणि दरवर्षी त्यावर पाटीभर माती नवी पडते. जुनी कुणी काढत नाही. एका पिढीची फूटभर माती पुढच्या पिढीत दोन फूट होते. साधा हिशेब करून पाहा. दीड फूट थर धरला तर दहा बाय दहाच्या खोलीच्या डोक्यावर सहा-सात टन माती असते. त्याच खोलीवर पाच इंची स्लॅब टाकला तर तो तीन टनांच्या आत बसतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, ती माती खाली आली. किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिव सीमेवरचा. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली होती. हजारो माणसं मेली. भूकंपाची तीव्रता ६ च्या जरा वर होती. एवढ्या धक्क्यात इतके बळी जायला कारण झाल्या त्या चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वरची अडीच-तीन फुटांपर्यंत वाढलेली माती. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदवली, ती फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. जिथे छताचा भार लाकडी खांबांवर नीट पेललेला होता, तिथे भिंती बाहेर ढासळूनही छत खांबांवर उभं राहिल्याची उदाहरणं सापडली. लाकडी खणाची कल्पना वाईट नव्हती. भिंत आणि मातीचा थर, या दोन गोष्टींनी घात केला.

पण इतकं बारीक कोण बघतं? लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाई-परळी-केज भागात हादरे सगळ्यांनी अनुभवले होते. त्यानंतर माळवदाखाली झोपायला माणसं कचरू लागली. लाकूडही महाग झालं होतं, माती चोपणारे हात कमी झाले होते. दोन-चार वर्षांत एकेक माळवद उतरलं आणि त्या जागी आला तो पत्रा.

पत्रा हा गरिबाचा सोबती. एका दिवसात चढतो, गळत नाही, बदलला तर विकता येतो. वारं-वावधान आलं की उडतो, म्हणून वर दगड ठेवायचे. उन्हाचा त्याच्यावर होणारा परिणाम मात्र ताबडतोब दिसतो. मातीच्या जाडीनं जो वेळ मिळत होता, तो पत्र्यात शून्य. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो आणि तो खालच्या माणसाच्या टाळूवर ती उष्णता थेट फेकत राहतो. हवा तापायच्या आधी माणूस तापतो. सकाळी सातला भाकरी करून मोकळं होता आलं तर पत्र्याखाली निभतं. बाराला पाहुणा आला तर चहासुद्धा शिक्षा वाटते. संध्याकाळी पत्रा भराभर निवतो, हा उन्हाच्या बाबतीत त्याचा एकच गुण.

पत्र्याच्या घरात आणखी एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते ती सगळ्यात महागात पडली. सानं गेलं. पत्र्याला भोक पाडलं की गळणार, म्हणून कुणी पाडत नाही. भिंत आणि पत्रा यांच्यामधली पन्हळीची फट हीच धुराची वाट उरली, तीही उंदीर-साप येतात म्हणून सिमेंटनं बुजवली जाते. चूल मात्र तीच. निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला होता. त्यात चुलीला धुराडं होतं, आणि ते छतातून किंवा भिंतीतून बाहेर काढायचं होतं. अनेक घरांत धुराड्याचा पाइप काही वर्षांत गंजला, काढून टाकला गेला. नंतर १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅसची टाकी पोचली. पण टाकी भरायला पैसे लागतात आणि पळाटी, तुराट्या शेतात फुकट मिळतात. बीडच्या खेड्यांत आजही ओट्यावर शेगडी आणि अंगणात किंवा मागच्या पडवीत चूल अशी जोडगोळी दिसते. ज्या घरात पडवी नाही, तिथे दोन्ही एकाच पत्र्याखाली.

आता या जिल्ह्याची खास गोष्ट, जी कुठल्याच सजावटीच्या पुस्तकात सापडणार नाही. बीडमधून दरवर्षी काही लाख माणसं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या आगंमागं गाड्या, ट्रॅक्टर भरून निघायचं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात मुक्काम करायचा. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत यायचं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. या पाच-सहा महिन्यांत त्यांचं घर म्हणजे कोपी: बांबू वाकवून केलेला सांगाडा, वर चटया, पाचट, आता बहुतेक ताडपत्री. आत शिरायला वाकावं लागतं. चूल दाराच्या तोंडाशी, उघड्यावर, तीन दगडांची. बाई पहाटे तीन-चारला उठते, अंधारात भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात असते. आत स्वयंपाक करायची सोयच नाही. केला तर पाचट पेटतं, आणि हंगामात कोप्या जळाल्याच्या बातम्या येतच असतात. म्हणजे अर्धं वर्ष या स्वयंपाकघराला छत म्हणून आभाळच असतं.

मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. तिच्यातून लग्नं होतात, दवाखाना होतो आणि गावाकडच्या घराचा स्लॅबही पडतो. तो स्लॅब ज्या बाईच्या डोक्यावर पडतो ती तिथे राहते कधी? हिवाळाभर कुलूप. ती परत येते एप्रिलात आणि थेट त्या मेमध्ये येऊन पडते, जेव्हा सूर्य काठीच्या बुडाशी सावली जिरवतो. हे घर वर्षाचं नाही, उन्हाळ्याचं आणि पावसाचं घर आहे. त्याच्या छताला थंडीची काळजी करण्याचं कारण नाही. या घरात छतावर खर्च करायचे पाच हजार रुपये असतील, तर ते कुठल्या बाजूनं खर्च करावेत याचं उत्तर मला इथेच मिळालेलं दिसतं: वरच्या.

स्लॅबची उष्णता पत्र्याहून वेगळी वागते. दुपारी बारा-एकला स्लॅबखाली त्या मानानं बरं असतं. काँक्रीट उष्णता पिऊन घेत असतं. काही तासांनी ती खालच्या बाजूला फुटते. म्हणजे संध्याकाळी सहा-सातला, नेमकी रात्रीच्या स्वयंपाकाची शेगडी पेटते तेव्हा, छतही तापलेलं. वर काळी पाण्याची टाकी असेल तर नळाला गरम पाणी. बीडच्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी मोठी, आणि ती बहुतेक वेळा स्वयंपाकघरावर किंवा न्हाणीवर चढवलेली. पाइप लहान लागतो म्हणून. पुढे टाकीच्या बुडाशी ओल धरते आणि खालच्या छतावर पिवळे डाग उमटतात. मग ते डाग झाकायला पीओपी.

इथून खऱ्या सल्ल्याला सुरुवात करतो, आणि तो सल्ला आधी गच्चीवर चढून द्यावा लागेल.

स्लॅबवर पांढऱ्या रंगाइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. भिजवलेल्या चुन्यात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळून मार्चमध्ये दोन हात दिले तर खोलीत दोन-चार अंशांचा फरक जाणवतो. पावसात तो धुऊन जातो. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा द्यायचा. टिकाऊ हवं असेल तर पांढऱ्या फुटक्या टाइलचे तुकडे बसवलेली गच्ची, जिला मिस्त्री चायना मोझॅक म्हणतात. तुकडे टाइलच्या दुकानात भंगाराच्या भावात मिळतात. शेजारच्या तेलंगणानं २०२३ साली अशा थंड छतांसाठी राज्याचं धोरण आणलं आणि काही प्रकारच्या इमारतींना ते बंधनकारक केलं. एकेकाळी बीड आणि हैदराबाद एकाच निजामाच्या राज्यात होते. ऊन तर अजूनही सामायिक आहे. अहमदाबाद महापालिकेनंही वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचा कार्यक्रम राबवलेला आहे. बीडला पापड-कुरडयांच्या वाळवणासाठी गच्ची लागते, त्यामुळे पांढऱ्या गच्चीला बायका हरकत घेत नाहीत. चकाकीनं डोळे दिपतात एवढीच तक्रार.

पत्रा असेल तर वरून पांढरा रंग, आणि खालून दुसरं छत. पण इथे काळजीनं बोललं पाहिजे, कारण खालून लावायला सगळ्यात स्वस्त मिळतो तो थर्मोकोल. बैठकीत तो चालेल की नाही यावर वाद घालू. स्वयंपाकघरात मुळीच नाही. थर्मोकोल शंभर अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसतो, पेटला की काळा धूर करतो आणि जळते थेंब खाली पाडतो. कढईतल्या तेलानं भडका घेतला तर त्याच्या वर हे छत नको. पीव्हीसीच्या पट्ट्या सध्या सगळ्यात खपतात. चकचकीत, धुता येणाऱ्या, ओलीनं न फुगणाऱ्या. त्या सहज पेटत नाहीत हे खरं, पण ऐंशी अंशांच्या सुमारास वाकायला लागतात आणि जळल्या तर त्यांचा धूर घशाला आणि डोळ्यांना जाळणारा. शेगडीच्या बरोबर वर आणि तिच्या दोन-दोन फूट बाजूला त्या लावू नयेत. तिथे सिमेंट फायबरचा किंवा कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड लावावा. तो महाग पडतो, पण एवढ्याशा जागेला एक-दोन बोर्डांतच काम होतं. आणि पत्रा व बोर्ड यांच्यामध्ये चार-सहा इंच पोकळी ठेवून तिची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवावीत. पोकळी बंद केली तर तीच भट्टी होते; उघडी राहिली तर तापलेली हवा वाहून जाते. बहुतेक ठिकाणी ती बंदच केलेली दिसते. दिसायला नीट दिसतं म्हणून.

जुन्या घरांवर करड्या सिमेंटच्या पत्र्याचं छत अजून आहे. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते श्वासातून आत गेले तर कर्करोगाला कारण होतात. अशा पत्र्याला पंख्यासाठी किंवा दिव्यासाठी ड्रिलनं भोक पाडू नये, घासून रंगवू नये. भोक हवं असेल तर ते भिंतीत, वरच्या त्रिकोणी भागात, म्हणजे चांदईला.

स्लॅबखालच्या छताचं काय? पीओपी मी स्वयंपाकघरात सुचवणार नाही. ते वाफ पितं. दिवाळीत चकल्या, अनारसे, शेव, शंकरपाळे यांच्या घाण्यावर घाणे निघतात, तेव्हा तेलाची वाफ छताला चिकटते आणि त्यावर वर्षभराची धूळ बसते. पीओपीची कोरीव नक्षी धुता येत नाही. पुढच्या दिवाळीला तिच्यावर रंग, त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी रंग. जिप्समचा बोर्ड आगीला चांगला टिकतो; त्याच्या अंगातच वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं आणि ते आगीत हळूहळू सुटतं. ओल सोसणारा हिरवा बोर्ड त्यातल्या त्यात बरा. पण मूळ प्रश्न वेगळा: मुळात खाली दुसरं छत हवंच कशाला?

राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते की स्वयंपाकघराची उंची जमिनीपासून छतापर्यंत किमान २.७५ मीटर असावी, म्हणजे नऊ फूट. संहितेतला किमान आकार पाच चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं क्षेत्रफळच, स्वयंपाकाची जागा धरून, २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. या घरकुलांचा स्लॅब अनेकदा नऊ-साडेनऊ फुटांवर असतो. त्याखाली एक फूट खोटं छत टांगलं की शेगडीच्या डोक्यावरची हवा कमी झाली, आणि वाफ, तेल, गॅसच्या ज्वाळेची उष्णता सगळी बाईच्या तोंडासमोर जमू लागली. गरम हवा वर जाते आणि छताखाली थर धरते. छत जितकं उंच, तितका हा थर डोक्यापासून दूर. लहान खोलीला उंची हाच एकमेव मोकळेपणा असतो आणि आपण पैसे देऊन तोच कमी करतो.

दिवे हवेत म्हणून छत खाली आणायचं, हे कारण सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं. एलईडीची पट्टी भिंतीच्या कडेला, ओट्यावरच्या कपाटाखाली बसते. छताच्या मध्यभागी लावलेला सुंदर दिवा बाईच्या पाठीमागे येतो आणि चिरत्या भाजीवर तिचीच सावली पाडतो. स्वयंपाकघराच्या दिव्यानं ओट्यावर पडायचं असतं.

काहीतरी वेगळं दिसावं ही हौस मात्र मला पटते. गरिबाच्या घरालाही हौस असते, आणि ती असावी. तिच्यासाठी स्लॅबचंच रूप घडवता येतं. लॉरी बेकर या वास्तुविशारदानं केरळात अनेक वर्षं हेच केलं. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळई घेते. मग त्या भागात काँक्रीटऐवजी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, उष्णता थोडी कमी झिरपते आणि खालून पाहिलं की लाल कौलांची नक्षी. सेंट्रिंग उतरवलं की छत तयार. प्लास्टर नको, रंग नको. उतरवलेल्या जुन्या शाळा-चावड्यांची मंगलोरी कौलं त्याला चालतात. ती आधी पाण्यात भिजवून घ्यायची, नाहीतर काँक्रीटचं पाणी पितात. सळईचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नये. लोखंडी अँगलवर शहाबादी फरशी टाकून केलेली छतं मराठवाड्याला जुनी ओळखीची आहेत. तिच्या करड्या पाट्यांना खालून पांढऱ्या सिमेंटच्या रेघा मारल्या की लहान खोलीचं छत फार देखणं दिसतं, आणि ते ओल्या फडक्यानं पुसता येतं. साधा पांढरा चुना, न चमकणारा, हाही अजून उत्तम पर्याय आहे. तो उजेड परतवतो, काळा पडला तर पंधरा मिनिटांत पुन्हा पांढरा होतो.

माळा ठेवायचा की नाही यावर घराघरांत भांडणं होतात. मी माळ्याच्या बाजूचा आहे, पण शेगडीच्या वर नाही. समोरच्या किंवा दाराकडच्या भिंतीवर, सात फुटांच्या वर. पितळी हंडे, लग्नात आलेली भांडी, फराळाचे मोठे डबे, सगळं तिथे मावतं. आणि छतात दोन लोखंडी कड्या स्लॅब टाकतानाच अडकवून घ्याव्यात. एक पाळण्यासाठी म्हणतात, ती पुढे आयुष्यभर उपयोगी पडते: लसणाची माळ, केळीचा घड, कधी तान्ह्याचा पाळणा.

आता ते भोक, माळवदाच्या सान्यासारखं. स्लॅबच्या छतात, शेगडीच्या जवळ, नऊ इंच ते फूटभर चौकोन सोडावा, वर चारी बाजूंनी फूट-दीड फूट विटांचा कठडा घेऊन त्यावर छोटीशी टोपी टाकावी आणि कडेला जाळी. पाऊस आत येत नाही, मांजरही नाही. एक्झॉस्टचा पंखा नक्की लावा. आठ बाय आठच्या खोलीला नऊ इंची पंखा पुरून उरतो. पण पंख्याला वीज लागते आणि ती कधी जाते हे बीडकराला सांगायला नको. भोक विजेशिवाय चालतं, रात्री चालतं, कुणी घरात नसलं तरी तापलेली हवा सोडत राहतं. मात्र त्याच्यावर विसंबून एक चूक करू नये. गॅस गळला तर तो वर जात नाही. टाकीतला गॅस हवेहून दीड-दोन पट जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून दाराच्या किंवा भिंतीच्या तळाशीही जाळी हवी. खालून गार हवा आत, वरून गरम बाहेर; दोन्ही असतील तरच हा मार्ग चालतो.

हे भोक सेंट्रिंगवर सळई बांधताना सोडलं तर त्याला खर्च जवळजवळ नाही. लाकडी खोका ठेवायचा आणि कडेनं दोन जादा सळया. स्लॅब पडल्यावर सुचलं तर ते कापण्यासाठी मशीन आणावं लागतं, सळई तुटते, गळतीची धास्ती कायमची लागते, आणि बहुधा तो बेतच रहित होतो. म्हणजे ठरवायचं ते एका ठरावीक सकाळी, काँक्रीटचा मिक्सर यायच्या आधी. त्या वेळी छतावर मालक असतो, मिस्त्री असतो, मदतीला आलेले भाऊबंद असतात. घरची बाई बहुधा नसते. स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण घालायची पद्धत आहे, आणि वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक ती खाली, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत, सकाळपासून करत असते. तेव्हा आदल्या संध्याकाळीच तिला वर न्यावं, शेगडी कुठे येणार ते तिच्याकडून खडूनं सेंट्रिंगवर दाखवून घ्यावं आणि खोका तिथेच ठेवायला सांगावा.